लढाईवर गेलेली घरगुती कादंबरी

आपल्या स्मरणिकेत पाककृती असतात, ओव्या असतात, सहलीची हकिकत असते आणि एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असते. या खेपेस मी एका पुस्तकाचा इतिहास लिहून देत आहे. संपादिकाबाईंना मी आधीच सांगून ठेवले आहे की, यात राजे नाहीत आणि गडकिल्लेही नाहीत. लढाई मात्र आहे, आणि तीही साधीसुधी नव्हे, दुसरे महायुद्ध! त्या युद्धात एक कादंबरी बोटीने, विमानाने देशोदेशी गेली. शिपायांनी ती एकमेकांच्या हातून घेऊन वाचली, आणि वाचून झाल्यावर ती लिहिणाऱ्या बाईला टपालाने पत्रे धाडली. कादंबरी कशाबद्दल होती म्हणाल, तर लोकांचे जिने घासून संसार चालवणाऱ्या एका बाईबद्दल आणि तिच्या मुलीबद्दल.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मला वाचता येत नाही. परंतु आमच्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी कॉलेजात शिकवते. तिने सुट्टीत दुपारी भांडीकुंडी आवरल्यावर रोज थोडी थोडी अशी ही कादंबरी मला मराठीतून सांगितली, आणि त्या पुस्तकाच्या प्रवासाबद्दल तिने जे वाचले होते तेही सांगितले. मी ते वहीत टिपून ठेवले. म्हणून हे धाडस.

कादंबरीचे नाव ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’, म्हणजे ब्रुकलिनमध्ये एक झाड वाढते. ब्रुकलिन हा न्यूयॉर्क शहराचा एक भाग. शंभर वर्षांपूर्वी तेथे गरीब लोकांच्या चाळी होत्या. जर्मनीतून, आयर्लंडातून, इटलीतून पोटासाठी आलेली माणसे तेथे दाटीवाटीने राहत. नावातले जे झाड आहे ते मूळचे चीनमधले. सिमेंटच्या फटीतून, उकिरड्याच्या कडेने कोठेही उगवते, आणि तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. त्याचाच एक जवळचा भाऊबंद आपल्याकडे आहे. आपण त्याला महारुख म्हणतो.

लिहिणारी बाई बेटी स्मिथ. तिचा जन्म १८९६ साली त्याच ब्रुकलिनमध्ये, जर्मनीतून आलेल्या कुटुंबात झाला. आठवी झाली आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटली. घराला हातभार लावण्यासाठी तिला कामाला जावे लागले. पुढे लग्न झाले, दोन मुली झाल्या. नवऱ्याच्या शिक्षणासाठी सारे बिऱ्हाड मिशिगन प्रांतातल्या अॅन आर्बर गावी गेले. तेथे या बाईने मुलींचे सांभाळून विद्यापीठाच्या वर्गांना बसायला सुरुवात केली. शाळेचा शेवटचा दाखला तिच्यापाशी नव्हता, म्हणून पदवी मिळणार नव्हती. तरी ती बसली. नाटके लिहू लागली, आणि १९३१ साली विद्यापीठाचे हॉपवुड पारितोषिक तिने मिळवले. पुढे नवऱ्याशी पटले नाही. दोन मुलींना घेऊन ती दक्षिणेकडच्या चॅपल हिल गावी गेली आणि लेखणीवर कसेबसे घर चालवू लागली. लहानपणीच्या आठवणी लिहून तिने हार्पर या प्रकाशकांच्या एका स्पर्धेला पाठवल्या. प्रकाशकांनी सांगितले की, याची कादंबरी करा. ती कादंबरी १९४३ च्या ऑगस्ट महिन्यात बाहेर पडली, आणि पहिल्या सहा आठवड्यांतच तिच्या तीन लाख प्रती खपल्या.

आता थोडे कादंबरीच्या आतले सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

फ्रान्सी नावाची मुलगी, तिचा धाकटा भाऊ नीली, आई केटी आणि बाप जॉनी. जॉनी दिसायला देखणा, गाणारा, मुलांवर जीव टाकणारा आणि दारूडा. (अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. सर्वांना आवडतात, आणि भुर्दंड बायको सोसते.) केटी तीन इमारतींचे जिने आणि फरशा घासते. त्या बदल्यात त्यांना राहायला जागा मिळते. शनिवारी मुले चिंध्या, कागद, धातूचे तुकडे गोळा करून भंगारवाल्याला विकतात, आणि आलेल्या पैशांतले निम्मे एका डब्यात टाकतात. तो डबा आईने कपाटाच्या कोपऱ्यात खिळ्यांनी जमिनीला ठोकून ठेवला आहे! कारखान्यावरून शिळे पाव स्वस्तात आणायचे आणि केटीने त्यांचे गोळे, पुडिंग, काय काय करून घालायचे. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपणा सर्वांना तो भाग फार जवळचा वाटेल.

एक प्रसंग मला विसरता येत नाही. फ्रान्सीला कॉफीचा वास आवडतो, ऊब आवडते, पण ती पीत नाही. कप हातात धरून बसते आणि शेवटी मोरीत ओतून देते. मावश्या म्हणतात की, केवढी ही नासाडी! केटी म्हणते की, तिच्या वाटणीची कॉफी आहे, तिने प्यावी की फेकावी हे तिचे ती बघेल. आमच्यासारख्यांनाही कधी तरी काही वाया घालवता आले पाहिजे, म्हणजे पैसेवाल्यांना कसे वाटत असेल ते कळते. हे ऐकले तेव्हा मी भाचीला थांबवले आणि पुन्हा सांगायला लावले.

केटीची आई अक्षरशत्रू. पण मुलीला पहिले बाळ झाले तेव्हा तिने बजावून सांगितले की, घरात दोन पुस्तके ठेव, एक बायबल आणि दुसरे शेक्सपिअरचे, आणि रोज रात्री दोन्हींतले एकेक पान बाळाला वाचून दाखव. केटीने तो नेम पाळला. फ्रान्सी मोठी झाल्यावर वाचनालयातली पुस्तके अकारविल्हे एकापुढे एक वाचायला घेते. तेथली बाई मुलीच्या तोंडाकडे एकदाही बघत नाही, हे मात्र मला लागले. आपल्या मंडळाच्या वाचनालयाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे जॉनी मरतो, घरात आणखी एक बाळ येते आणि पैसा पुरत नाही. दोन मुलांतून एकालाच पुढच्या शाळेत घालता येईल, अशी वेळ येते. केटी मुलाला घालते. तिचा हिशेब असा की, मुलाला शिकायचे नाही, तो आता सुटला तर कायमचा सुटेल. मुलीला शिकायचे आहे, ती कशीही वाट काढील. केटीचे हे गणित चुकीचे होते असे मला म्हणवत नाही, आणि बरोबर होते असेही म्हणवत नाही. माझ्या वेळी आमच्या गावात सातवीपुढे वर्ग नव्हते. भाऊ तालुक्याला गेला, मी घरी राहिले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. एस.टी.चे भाडे एकाचेच परवडत होते. पण जिला शिकायचे आहे तिनेच थांबायचे, हे फ्रान्सीच्या बाबतीत ऐकताना हातातले निवडणे मी बाजूला ठेवले.

असो. आता लढाईकडे वळते.

अमेरिका १९४१ च्या डिसेंबरात युद्धात उतरली. लाखो तरुण मुले घरे सोडून परमुलखात गेली. लढाई म्हटले म्हणजे आपल्याला धुमश्चक्री डोळ्यांपुढे येते, परंतु शिपायाचे बरेच दिवस नुसती वाट पाहण्यात जातात. बोटीवर, तंबूत, इस्पितळात. करमणुकीला काही हवे. म्हणून लोकांकडून जुनी पुस्तके गोळा करण्याची मोहीम १९४२ साली निघाली, आणि दोन वर्षांत सुमारे १ कोटी ८० लाख पुस्तके जमली. पण देणगीचा माल तो! लोकांनी माळे रिकामे केले. विणकाम कसे करावे, अशी पुस्तकेही त्यात निघाली. त्यातून चांगली निघत ती जाड पुठ्ठ्याची. पाठीवर सगळा संसार वाहणारा शिपाई त्यांचे ओझे कोठे बाळगणार? घरून पार्सल करावे तर त्यालाही अटी. नाताळाआधीचा ठरावीक महिना सोडला, तर शिपायाने वस्तू मागितल्याचे पत्र टपाल कचेरीत दाखवावे लागे, तेव्हा पार्सल घेत.

मग प्रकाशक, ग्रंथपाल आणि पुस्तकविक्रेते यांनी काढलेल्या ‘कौन्सिल ऑन बुक्स इन वॉरटाइम’ या मंडळाने सैन्याशी मिळून एक युक्ती काढली. शिपायाच्या सदऱ्याच्या किंवा विजारीच्या खिशात मावेल एवढेच पुस्तक करायचे! त्या पुस्तकांचे दोन आकार ठरले, एक साधारण साडेपाच इंच लांब आणि दुसरा साडेसहा. मासिके छापण्याची यंत्रे मोकळी असतील तेव्हा त्यांवर दोन पुस्तके एकाखाली एक छापायची आणि मग वड्या पाडाव्यात तशी मधून कापायची. त्यामुळे पुस्तक उंचीपेक्षा रुंदीला जास्त झाले. पानावर मजकूर दोन रकान्यांत, म्हणजे मिणमिणत्या उजेडातही ओळ चुकत नाही. पाठीला सरस लावण्याऐवजी तारेचे टाके घातले, कारण दमट मुलखात सरसाला किडे लागतात. एक प्रत सुमारे सहा सेंटला पडे. लेखक आणि प्रकाशक यांना मिळून प्रतीमागे एक सेंट मिळे, तो ते अर्धा अर्धा वाटून घेत. शिपायाला पुस्तक फुकट.

मला या साऱ्यात त्या तारेच्या टाक्यांचे फार कौतुक वाटते. कोणी तरी बसून विचार केला की, हे पुस्तक कोठे जाणार, तेथे पाऊस किती, किडा कोणता. मुलाला परगावी डबा देताना आई करते तसाच तो विचार.

पहिली ३० पुस्तके १९४३ च्या शरद ऋतूत निघाली, प्रत्येकाच्या ५०,००० प्रती. १९४७ पर्यंत अशी १,३२२ पुस्तके निघाली आणि एकूण १२ कोटी २० लाखांहून अधिक प्रती वाटल्या गेल्या. उत्तर आफ्रिका, इटली, इंग्लंड, पॅसिफिक महासागरातली बेटे, आणि आपल्या आसाम-ब्रह्मदेशाकडची आघाडी, जेथे जेथे अमेरिकन शिपाई होते तेथे तेथे ही पुस्तके गेली. १९४४ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी इंग्लंडातून शिपाई बोटीत चढत होते, तेव्हा त्यांनाही ती वाटण्यात आली. ज्यांच्यापुढे मरण उभे आहे अशा मुलांनी खिशात गोष्टीचे पुस्तक घालावे, याला काय म्हणावे?

त्यात डाकूंच्या गोष्टी होत्या, घोडेस्वारांच्या होत्या, हेरांच्या होत्या. शिपायांना तेच आवडणार असा कोणाचाही अंदाज. माझ्या तोंडून ही हकिकत ऐकून आपल्यातल्याच एक भगिनी म्हणाल्या, “अहो, लढणाऱ्या माणसाला शूरांच्या कथा द्याव्यात. चुलीच्या कथा देऊन त्याचा धीर खचायचा!” पण घडले निराळेच. बेटी स्मिथची कादंबरी १९४४ साली खिशातल्या आकारात निघाली आणि तिला इतकी मागणी आली की, पुन्हा छापावी लागली. तिच्यासाठी नंबर लागत. एकाचे झाले की दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे झाले की तिसऱ्याकडे. थांबायला धीर नसला म्हणजे शिपाई पुस्तकांचे भाग फाडून वेगळे करत, म्हणजे पहिल्याने पुढचा भाग वाचेपर्यंत दुसऱ्याला मागचा मिळे. पुस्तक फाडणे मला एरवी सहन होत नाही. येथे मात्र मी काही बोलत नाही.

त्याच वेळी अमेरिकेत घरोघरी बायका हीच कादंबरी जाड पुठ्ठ्याच्या प्रतीत वाचत होत्या. मुलगा इटलीत, आई घरी, मध्ये सारा समुद्र, आणि दोघांच्या हातांत एकच गोष्ट!

मग सुरू झाली पत्रे. शिपायांना टपालहशील माफ होते. तिकिटाच्या जागी ‘फ्री’ असे लिहिले की पत्र जाई. १९४२ च्या जूनपासून एक नवी सोयही झाली होती, तिला व्ही-मेल म्हणत. ठरावीक कागदावर पत्र लिहायचे. त्याचा बारीकसा फोटो फिल्मवर घ्यायचा. फिल्मचे रीळ विमानाने न्यायचे आणि पलीकडे पुन्हा कागदावर उमटवून घरपोच करायचे. दीड लाख साध्या पत्रांना ३७ पोती लागत आणि वजन २,५७५ पौंड भरे. तीच फिल्मवर घेतली की एका पोत्यात मावत आणि वजन ४५ पौंड. बोटीतली उरलेली जागा दारूगोळा, औषधे आणि अन्न यांना मिळे.

बेटी स्मिथला दिवसाला सरासरी चार पत्रे येत, वर्षाला सुमारे दीड हजार. समुद्रापारहून येणारी पत्रे मुख्यतः शिपायांची. त्यातल्या बहुतेकांना ती उत्तर देई. एकीकडे दोन मुली, दुसरीकडे पोटापाण्याचे लिखाण, शिवाय कादंबरी निघाली त्याच महिन्यात तिने दुसरे लग्न केले तेही एका शिपायाशीच. एवढे असून तिने ही उत्तरे लिहिली, हे मला तिच्या कादंबरीइतकेच मोठे वाटते.

त्यातले एक पत्र पुष्कळांना माहीत झाले आहे. लिहिणारा मरीन दलातला वीस वर्षांचा मुलगा. मलेरियाने इस्पितळात पडलेला. त्याने लिहिले होते की, गुडघाभर चिखलातून तो एका दोस्ताला स्ट्रेचरवर वाहून नेत होता, दोस्ताचे रक्त थेंब थेंब गळत होते आणि त्याला काही करता येत नव्हते. त्या दिवसापासून त्याचे मन दगड झाले. कोणावर माया करणे आता आपल्याला जमणार नाही, असे त्याला खात्रीने वाटू लागले. मग इस्पितळात ही कादंबरी हाती आली. वाचताना तो हसला, आणि रडलाही. मेलेल्या काळजात काय झाले ते सांगता येत नाही, पण जगात माणसाला अजून वाव आहे असे वाटू लागले, असे त्याने बाईला कळवले.

आता या मुलाला रडू कशाने आले? कादंबरीत त्याच्या लढाईतले काहीसुद्धा नाही. शिळे पाव आहेत, खिळ्यांनी ठोकलेला डबा आहे, मोरीत ओतलेली कॉफी आहे. पुष्कळ शिपायांनी बेटी स्मिथला असे लिहिले की, वाचताना आपण आपले ब्रुकलिनमधले आयुष्य पुन्हा जगतो आहोत असे वाटले. आणि ज्यांनी ब्रुकलिन डोळ्यांनी पाहिले नव्हते, ज्यांच्या घरी शेते होती आणि गुरे होती, त्यांनाही ती तितकीच आवडली. मला वाटते, प्रत्येकाला आपली आई आठवली. बाहेर तोफा चालल्या असताना त्या मुलांना ऐकायचे होते ते आईने महिनाअखेर कशी रेटली हेच. आपण ज्याला ‘नुसते घरातले’ म्हणून बाजूला सारतो, सभेत बोलायला उभे राहिलो तर ज्याचा उल्लेख करायलाही लाजतो, ते या मुलांनी सात समुद्रांपलीकडून मागून मागून वाचले. त्या भगिनींना मी हेच सांगितले. त्या म्हणाल्या, “तरी शूरांच्या कथा बऱ्या.” आमचा वाद अजून मिटलेला नाही.

१९४५ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यातल्या दारूड्या बापाच्या भूमिकेला ऑस्कर मिळाले! आईला नाही. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

बेटी स्मिथने पुढे आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी कोणतीही या पहिलीएवढी पसरली नाही. १९७२ साली ती वारली. ती खिशातली पुस्तके टिकावीत म्हणून छापलेलीच नव्हती. कागद हलका, बांधणी कच्ची, वाचून हातोहात संपावीत एवढाच हिशेब. बहुतेक चिखलात, पावसात, बोटींवर संपलीही. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात मात्र १,३२२ पुस्तकांचा पूर्ण संच दुर्मीळ ग्रंथांत जपून ठेवला आहे. आणि बेटी स्मिथचे कागदपत्र चॅपल हिलच्या विद्यापीठात आहेत. पदवी नसलेल्या त्या बाईचे नाव घालून तेथे खोकी लावलेली आहेत, आणि त्यांत निरनिराळ्या आघाड्यांवरून आलेली शिपायांची पत्रे आहेत. मागितली तर ती वाचायला मिळतात.